सूर्याचा पंप आणि विहिरीचा हिशेब

नीरेचा पूल ओलांडून शिरवळात उतरणाऱ्या वाटसरूच्या दृष्टीस आता कारखान्यांची छपरेच अधिक पडतात. तथापि हमरस्ता सोडून कोसभर आत गेले की अद्यापि तोच जुना संसार आहे: विहीर, पाट, कांद्याचे वाफे, ज्वारी-बाजरीचे शेत आणि आभाळाकडे लागलेले डोळे. ह्या शिवारांत अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. विहिरीच्या काठी लोखंडी खांबांवर, दक्षिणेकडे तोंड करून कललेले, निळसर काळ्या काचेचे एक छप्पर उभे असते. त्याखाली इंजिनाचा धूर नाही, फटफटाट नाही, विजेच्या खांबावरून आलेली तारही नाही. आणि तरी भर दुपारी पाइपातून पाणी पडत असते.

हा सौरपंप घ्यावा की न घ्यावा, असा प्रश्न आमच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या मनात आहे. आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. घ्यावा, परंतु पंपाची अश्वशक्ती ठरविण्यापूर्वी विहीर मोजावी, आणि विहीर सामायिक असेल तर पंप बसण्यापूर्वी पाळी लिहून काढावी. ह्या दोन गोष्टी ज्याने केल्या त्यास सूर्य लाभेल. ज्याने केल्या नाहीत त्याच्या विहिरीचा तळ लवकर दिसेल, आणि भाऊबंदकीचा तळ त्याहूनही लवकर.

कल्पना जुनी, यंत्र नवे

सूर्याकडून पाणी उपसून घेण्याची कल्पना परकी किंवा कालपरवाची आहे असे कोणी समजू नये. आपल्या मुंबईतच उच्च न्यायालयातील विल्यम ॲडम्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून पाण्याची वाफ केली व तीवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालविला. त्याविषयीचे त्याचे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९१३ साली मिसर देशात कैरोजवळ मादी येथे फ्रँक शुमन नावाच्या अमेरिकन यंत्रज्ञाने सूर्याच्या उष्णतेवर चालणारा मोठा पंप उभारून नाईलचे पाणी शेतांत सोडले. महायुद्धाने तो उद्योग बंद पडला. आजची काच मात्र वाफेचा मार्गच टाकून देते. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा जो सौरघट सिद्ध झाला, त्याचीच ही सुधारलेली संतती होय. ऊन पडले की तिच्यातून वीज निघते, ती नियंत्रकाच्या पेटीतून मोटरीस जाते, आणि मोटर फिरते. मध्ये बॉयलर नाही, तेल नाही, आणि शेतीच्या साध्या पंपात विजेचा साठाही नाही. ऊन असेतो पाणी, ऊन सरले की विसावा.

नव्या यंत्राविषयी आपल्याकडे संशय असतो, आणि तो सर्वथा वाईट नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर प्रथम विकावयास काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक तो घेईनात. पुढे १९१० साली त्यांनी वसविलेल्या किर्लोस्करवाडीचे नांगर व पंप घरोघर गेले. संशय फिटला तो भाषणांनी नव्हे, शेतात प्रत्यक्ष पाहून. सौरपंपाचेही तसेच होईल. मात्र पाहताना पाण्याची धार पाहून हुरळू नये. विहिरीत डोकावून पाहावे.

रात्रीचे दारे

ह्या यंत्राचा सर्वांत मोठा लाभ पैशाचा नसून दिवसाचा आहे. महाराष्ट्रात कृषिपंपांस वीज सामान्यतः दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी आळीपाळीने मिळत आली आहे. रात्रीची पाळी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारे धरावयास जाणे, पायाखाली काय आहे ते न दिसणे, उसाच्या फडात बिबट्या असल्याची आवई, आणि घरी जाग्या असलेल्या माणसांचा घोर. विंचू-काट्याने व सर्पदंशाने ह्या पाळीत माणसे गेली आहेत. शिवाय अंधारात पाणी नीट दिसत नाही. एक वाफा तुंबतो, दुसरा कोरडा राहतो. दिवसा पाणी देणारा शेतकरी आपला जीव राखतो आणि पाणीही राखतो. दिवसा वीज मिळावी ह्यासाठी शेतकऱ्यांनी मोर्चे व धरणी केली ती ह्याच कारणास्तव.

कोणास किती उपयोग

तरीपण सर्वांची स्थिती एक नाही. म्हणून आम्ही तीन वर्ग करतो.

पहिला वर्ग ज्यांच्या विहिरीस वीजजोडणीच नाही त्यांचा. ह्यांत पैसे भरून खांबाची वाट पाहत बसलेलेही आले. ह्यांच्यासाठी सौरपंप ही मोठी सोय आहे. केंद्र शासनाने २०१९ साली कुसुम योजना काढली. त्यापूर्वीच, २०१८ साली, राज्याने मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना मंजूर केली होती, आणि २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा आहे. अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीस ३, अडीच ते पाच एकरांस ५, आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण ठरलेले आहे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा त्यात आहे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद हवी, आणि विहीर सामायिक असल्यास इतर हिस्सेदारांची संमती हवी. जलसंधारणाच्या कामांतून झालेल्या साठ्यांतून ह्या पंपाने पाणी उपसता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा वर्ग डिझेल इंजिनवाल्यांचा. पाच अश्वशक्तीचे इंजिन ताशी सुमारे एक लिटर तेल खाते. त्यामुळे ह्या वर्गाचा लाभ रोकडा आहे. तथापि नीरेच्या काठावर किंवा वीर धरणाच्या फुगवट्याशी ज्यांची इंजिने आहेत त्यांनी एक विचार करावा. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, तसे इंजिन गाडीत घालून पुढे नेता येते. काचेचे छप्पर नेता येत नाही. पाणी जितके दूर जाईल तितका पाइप लांबतो व धार रोडावते.

तिसरा वर्ग ज्यांची वीज चालू आहे त्यांचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याचा निर्णय राज्य शासनाने केला आहे. सबब बिल वाचेल म्हणून सौरपंपाकडे धावण्यात ह्या वर्गास हशील नाही. त्यांना हवा आहे तो दिवस. आणि त्यासाठी निराळा मार्ग चालू आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत गावाजवळ सौर प्रकल्प उभारून सबंध वाहिनीस दिवसा वीज द्यावयाची असते. राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून तिचा आरंभ झाला. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ साली वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे चालू झाला. ज्या गावी हे होईल तेथील शेतकऱ्यास जुनीच मोटर दिवसा चालविता येईल.

पंप किती देतो

आता मुख्य हिशेबाकडे वळू. सरकारी मानकांतील प्रमाण असे आहे की, कडक उन्हाच्या दिवशी, सरळ प्रवाहाच्या मोटरीचा पंप असल्यास, पॅनेलाच्या दर वॉटमागे १० मीटर उंचीवर सुमारे १०० लिटर, २० मीटरवर ५०, ३० मीटरवर ३५, ५० मीटरवर २१ व ७० मीटरवर १४ लिटर पाणी मिळावे. तीन अश्वशक्तीच्या पंपास सामान्यतः ३,००० वॉटची पॅनेले असतात. म्हणजे दहा मीटरवर दिवसाला तीन लाख लिटर, तीस मीटरवर एक लाख पाच हजार, आणि सत्तर मीटर खोल बोअरातून अवघे बेचाळीस हजार. ढगाळ किंवा हिवाळी दिवशी ह्याहून कमी मिळेल. वर्षाची सरासरी धरावयाची तर ह्याचा पाऊण हिस्सा धरणे शहाणपणाचे.

एक एकरावर एक इंच पाणी उभे करावयास सुमारे एक लाख तीन हजार लिटर लागतात. म्हणजे शंभर फुटांवरून पाणी काढणारा तीन अश्वशक्तीचा पंप चांगल्या उन्हाच्या दिवशी एकरी एक इंच पाणी देईल. मोकाट पाटाने तीन इंची भिजवणी करणाऱ्यास एका एकरास तीन दिवस लागतील. ठिबक करणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. उन्हाळ्यात पिकास रोज ५ मिलिमीटर पाणी धरले तर एकरास सुमारे वीस हजार लिटर पुरतात. तोच पंप पाच एकर सांभाळील. सूर्याचा पंप घेऊन मोकाट पाट सोडणे म्हणजे रांजणाच्या पाण्याने ओढा वाहविण्यासारखे आहे.

आणि विहीर किती देते

हा झाला पंपाचा हिशेब. परंतु पाणी पंपातून उत्पन्न होत नाही. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. येथे पाणी राहते ते वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत, आणि तेही थोडके. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. दहा फूट पाणी असले तर ८९,००० लिटर झाले. पन्नास फूट उंचीवर पाणी फेकणारा तीन अश्वशक्तीचा पंप दिवसाला सुमारे दोन लाख लिटर उपसू शकतो; म्हणजे माध्यान्हीच्या सुमारासच विहीर कोरडी पडेल. त्याच विहिरीवर पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप बसविला तर ती अधिक पाणी देणार नाही. लवकर आटेल, इतकेच. अश्वशक्ती पंपास वाढविता येते, विहिरीस नाही.

यास्तव आमची विनंती अशी की, अर्ज करण्यापूर्वी चैत्र-वैशाखात एक सोपा प्रयोग करावा. सायंकाळी विहीर उपसून पाण्याच्या पातळीची खूण करावी, आणि पहाटे पाणी किती फूट चढले ते मोजावे. वीस फुटी विहिरीत रात्रीत पाच फूट पाणी चढले तर आवक ४४,५०० लिटर झाली. ठिबकावर सुमारे दोन एकर, किंवा पाटाने एका एकरास सात दिवसांनी एक भिजवणी, एवढीच त्या विहिरीची ऐपत आहे. दिवसाही काही झिरपते, ते पदरी जमा समजावे. त्याच्या भरवशावर पीक लावू नये.

सौरपंपाचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. तो रात्री चालत नाही, म्हणून विहिरीस भरावयास सबंध रात्र मिळते. विजेच्या मोटरीस रात्रीची वीज आली की लोक स्वयंचलित बटण लावून झोपतात आणि विहीर तळापर्यंत जाते. सूर्य तसे करू देत नाही. पण ह्याच गुणापाठीमागे एक दोष दडलेला आहे. डिझेलवाल्याचा हात तेलाच्या भावाने आवरला जात असे, वीजवाल्याचा भारनियमनाने. सौरपंपास तेल नाही, बिल नाही, पाळी नाही. वर्षाचे तीनशे दिवस ऊन आहे म्हणून तीनशे दिवस पंप चालू ठेवणारा मनुष्य आपल्या विहिरीतलेच नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीतलेही पाणी ओढीत असतो. मग बोअर, मग त्याहून खोल बोअर. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत ते ह्याच भयाने. परंतु कायद्याच्या आधी आपला आपल्याला विचार हवा.

सामायिक विहिरीची पाळी

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. आपल्या भागातील लहान शेतकऱ्याची विहीर बहुधा एकट्याची नसते. समजा, तिघा भावांची एक विहीर आहे. विजेच्या मोटरीवर त्यांची पाळी तासांवर ठरलेली असते, आणि ती न्याय्यही असते. कारण विजेचा एक तास दुसऱ्या तासासारखाच. सूर्याचे तसे नाही. सकाळी आठच्या सुमारास तासाभरात जे पाणी पडते ते बाराच्या तासाच्या निम्म्याहूनही कमी असते. थोरल्याने सहा ते दहा, मधल्याने दहा ते दोन व धाकट्याने दोन ते सहा, अशी समान तासांची वाटणी केली तर मधल्यास एकट्यास दोघांच्या बेरजेइतके, किंबहुना अधिक पाणी जाईल. घड्याळ समान वाटणी दाखवील आणि शेत असमान. थोरल्याच्या मनात येईल की मधला काही कारस्थान करतो आहे. वस्तुतः कारस्थान सूर्याचे आहे. कज्जे-दावे ह्यापेक्षा लहान कारणांवरून उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत.

उपाय कठीण नाहीत. पहिला, तासांची पाळी सोडून दिवसांची पाळी धरावी. आज थोरल्याचा सबंध दिवस, उद्या मधल्याचा, परवा धाकट्याचा. ढगाळ दिवस कोणाच्या वाट्यास येईल तो आला. हंगामभरात बहुधा बरोबरी होते. दुसरा, रोज पाणी हवे असणाऱ्या भाजीपाल्यासाठी वेळ न वाटता धारच वाटावी. मुख्य पाइपास तीन तोट्या ठेवून तिघांची शेते एकाच वेळी भिजवावी, म्हणजे सकाळचे थोडे व दुपारचे पुष्कळ सर्वांस सारखेच मिळते. तिसरा, पाइपावर पाणी मोजणारे मीटर बसवून लिटरांनी वाटावे. हिस्से असमान असतील तेथे हाच उत्तम. ह्यांतील जो रुचेल तो घ्यावा. पण संमतीपत्रावर सह्या करतानाच पाळीही कागदावर उतरवावी. संमती पंपाची दिली आणि पाण्याचे बोलणे राहिले, असे होऊ नये.

नायगावचा धडा

हे काही आम्ही कल्पनेने सांगत नाही. नीरेच्या पलीकडे पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. आपल्या खंडाळा तालुक्यातील सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव, ते निराळे. १९७२ च्या दुष्काळानंतर ह्या पुरंदरच्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. त्याचे नियम थोडके पण खंबीर होते. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनासही वाटा. खर्चात प्रत्येकाचा हिस्सा. ऊस नाही. त्या वेळी सौरपंप कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पाणी वर चढविण्यास साधे पंपच होते. तरी तो प्रयोग टिकला, कारण यंत्र येण्यापूर्वी हिशेब ठरला होता. तीच रीत आपणास पाहिजे. शिरवळकडच्या मंडळीस तर ती विशेष पाहिजे. कारण जुने नीरा कालवे वीरच्या पुढे निघतात, आणि नीरा-देवघर व धोम-बलकवडीच्या कालव्यांनी आशा दिली असली तरी पुष्कळ शिवारांची मदार अद्यापि विहिरीवरच आहे.

बंद पंपाचेही मोल असते, हे गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या धुंडी गावाने दाखविले. तेथे २०१६ च्या सुमारास मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था केली, आणि पिकास लागेल तेवढे पाणी घेऊन उरलेली वीज ते वीज कंपनीस विकू लागले. वीज विकली जाते म्हटल्यावर व्यर्थ उपसा करण्याची बुद्धीच होत नाही. आपल्याकडील सुट्या पंपास ती सोय नाही. तथापि सर्वोपयोगी नियंत्रक बसविल्यास त्याच पॅनेलांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालविता येते. पंप घेताना त्याची चौकशी अवश्य करावी.

निगा

निगेविषयी थोडे सांगून संपवू. शिरवळचा अक्षांश सुमारे १८ अंश; पॅनेल दक्षिणेस तोंड करून तितक्याच अंशांनी कललेले असावे. कलते बदलण्याची सोय असल्यास हिवाळ्यात अधिक उभे व उन्हाळ्यात अधिक सपाट करावे. धूळ बसली की धार कमी होते. म्हणून पहाटे काच थंड असताना मऊ फडक्याने व स्वच्छ पाण्याने धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सबंध रांगेचे काम मंदावते, हे जागा निवडताना विसरू नये. भूतार व वीजरोधक नीट बसले आहेत की नाहीत, हे वळवाच्या पावसाआधी पाहावे. हमीची कागदपत्रे व तक्रारीचा क्रमांक घरात जपून ठेवावा. दुरुस्तीस मनुष्य वेळेवर येत नाही, हे गाऱ्हाणे ठिकठिकाणी ऐकू येते. एका गावच्या दहा शेतकऱ्यांनी मिळून तक्रार केली तर ती एकट्याच्या तक्रारीहून लवकर ऐकली जाते.

असो. मोटेच्या काळी बैल थकला की पाणी थांबे, आणि इंजिनाच्या काळी तेल संपले की थांबे. सूर्य थकत नाही व संपत नाही. म्हणून आता कोठे थांबावयाचे ते शेतकऱ्यानेच ठरविले पाहिजे. आमच्या सभासदांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या विहिरीची एका रात्रीची आवक मोजून, विहिरीच्या व्यासासह आम्हांस लिहून पाठवावी. शिरवळपासून खंडाळ्यापर्यंतच्या विहिरींचे असे शे-दीडशे आकडे जमले, तर कोणत्या शिवारात किती अश्वशक्तीचा पंप शोभेल, हे विक्रेत्यास विचारण्याचे कारण उरणार नाही.